बाबांच्या चषकाला चोरीची वीज

प्रिय बाबा,

यंदा तुमच्या नावाने होणाऱ्या कबड्डी स्पर्धेचे दिवे चोरीच्या विजेवर लागणार आहेत. काल संध्याकाळी मंडळाचे सेक्रेटरी जनार्दनकाका यांनी स्वतःच तसं सांगितलं, वर हसलेसुद्धा. तुम्हाला जाऊन अजून वर्ष झालं नाही. उद्या सामने आहेत, आणि मला इतकी किळस आली आहे की तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही. आणखी कुणाला सांगू? लोक म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस!

आईने तुमचा फोटो द्यायला मला मैदानावर पाठवलं होतं. रस्त्याच्या खांबावर आकडा टाकलेला. तिथून निघालेली वायर जमिनीवरूनच, बारकी पोरं मांडी घालून बसतात त्या कडेने नेलेली. जोडावर साधी टेप नाही, दुधाची रिकामी पिशवी गुंडाळलेली! आणि पलीकडे माती बसावी म्हणून पाणी मारणं चालू. हे सगळं एका वायरमनच्या स्मरणार्थ. तुमच्या फोटोसाठी टेबल मांडलं होतं, त्याला रंगीत दिव्यांची माळ. तीही त्याच आकड्यावर.

"काका, हे काय चाललंय?" मी विचारलं.

"अगो, एका दिवसाचा तर प्रश्न हाय. तुजा बाबा व्हता तवापन आकडाच व्हता. कदी काय झालं काय?"

बाजूची पोरं फिदीफिदी हसली. एक म्हणाला, "ताई, तुमच्या बाबांचा आशीर्वाद हाय ना आमच्यावर! शॉक नाय लागनार."

आशीर्वाद! मी फोटो पिशवीतून काढलाच नाही. तसाच घरी आणला.

पण जनार्दनकाकांचं बोलणं डोक्यातून जाईना. बाबा, तुम्ही खरंच आकड्यावर दिवे लावत होतात? पनवेलच्या बाजारात मीटर चुकवून वायर ओढून मागणारं गिऱ्हाईक तुम्ही दारातूनच परत पाठवायचात. "दुसरा बघा, मला जमत नाही," एवढंच म्हणायचात. मैदानावर मात्र सगळं चालत होतं? कबड्डीसाठी?

कारण खेळापुढे तुम्हाला दुसरं काही दिसत नसे, हेही मला माहीत आहे. पंखा दुरुस्त करायला मेन स्विच बंद केला की त्या घरचा टीव्ही बंद पडायचा. म्हणून मॅच असली की तुम्ही स्विचला हात न लावता ओव्हर संपेपर्यंत शिडीवर बसून राहायचात. एकदा एक आजी वैतागून म्हणाल्या होत्या, "वायरमन, पंखा आज फिरेल की पुढच्या दौऱ्यात?" आणि तुम्ही वरूनच, "आजी, एक विकेट पडू द्या!"

आज सकाळी सलीमभाईंकडे गेले. स्पर्धेच्या भोंग्यासाठी दरवर्षी त्यांचाच जनरेटर असायचा. मी विचारलं तर त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"बेटा, आकडा पोरं टाकायची. पोरं दुपारी जेवायला गेली की तुझे बाबा यायचे. वायर सोडवायचे, दिवे माझ्या जनरेटरवर घ्यायचे. जास्तीचं डिझेल स्वतः आणायचे. मला म्हणायचे, सलीम, कुठे बोलू नकोस, उगाच वाद नको, खेळ होऊ दे. यंदा तर मला बोलावलंच नाही. भोंगापण आकड्यावर! लाहौल विला कुव्वत!"

ऐकून आधी बरं वाटलं. मग तुमचाच राग आला.

हे काय करून ठेवलंत, बाबा? चढाईत नुसतं बोट लागलं तरी पंचांची वाट न बघता हात वर करून बाहेर जाणारे तुम्ही! इथे एकदा तरी बोलायचं होतंत. तुम्ही गुपचूप निस्तरत गेलात आणि ते समजत गेले की आकड्याने काही होत नसतं. आता पोरांना त्या वायरीशेजारी बसवायला तुमचंच नाव पुढे करतात. वाद टळला म्हणून तुम्हाला बरं वाटलं असेल. मला त्या शांततेचीही शिसारी येते आहे.

आई म्हणते, "भांडू नको गो, त्यांनी मानाने नाव दिलंय." हा कसला मान?

सलीमभाई उद्या दुपारीच जनरेटर आणून उभा करणार आहेत. वीज कार्यालयातला लाइनमन आकडा काढायला येतो म्हणालाय. त्याने शब्द पाळला नाही तर मी त्याला घरातून उठवून आणीन. दिवे जनरेटरवर आले तरच तुमचा फोटो टेबलावर जाईल. नाहीतर स्पर्धेच्या पाटीवरचं तुमचं नाव मी उतरवून घेईन.

सामने सुरू होण्याआधी जनार्दनकाका माइक माझ्या हातात देणार आहेत, वडिलांबद्दल दोन शब्द बोल म्हणून. तुम्हाला वचन देते, तुमच्या प्रेमळ स्वभावाबद्दल त्यात एक अक्षर नसेल. तुम्ही दर वर्षी दुपारी येऊन काय करत होतात, ते सगळ्या गावासमोर सांगेन. तुम्हाला आवडणार नाही. तरीही.

तुमची,
मंगल