शून्य न होणारा कप्पा

२ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस आणि मी जाम खूश! स्वतःचं टेबल, खिडकी, फुकट कॉफी. ताईला फोनवर इतकं पाल्हाळ लावलं की ती म्हणाली, बाई, आता काम कर. काम असं: वायफाय कार्डाची चिप रिसेट झाली की तिच्यातले रजिस्टर, म्हणजे आकडे ठेवायचे इवलेसे कप्पे, शून्य होतात. मग ठरलेल्या क्रमाने त्यांत योग्य आकडे भरायचे. क्रम चुकला की चिप मुकी. चाचणीची खोली मागे आहे. पत्र्याची, आतून टोकदार फोम लावलेली, बाहेरचा एकही सिग्नल आत येत नाही. एका भिंतीचा फोम कोरा करकरीत. साहेब म्हणाले, नुकताच बदललाय.

५ जून
माझ्या जागी आधी झिप्र्या होता. केस लांब, म्हणून सगळे तसंच म्हणायचे. साहेबांच्या मते जास्त पगार दिसला आणि पळाला. आज टेबलावरचा फोन वाजला, त्याची आई होती. म्हणाली, "माझा पोरगा कोपऱ्यावरच्या दुकानात जातानाही सांगून जातो गं." साहेबांनी फोन माझ्या हातातून हिसकावून आपटला आणि हसले. हसले! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

९ जून
एक कप्पा शून्य होत नाही. वीज तोडली, कार्ड बदललं, तरी चाचणीच्या खोलीत रिसेट केलं की तेच आकडे. बाहेर टेबलावर मात्र सगळं सुतासारखं सरळ. संगणकात प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो, तसे ते वाचले: आई.
साहेबांना दाखवलं. पांढरेफटक पडले, मग माझ्यावरच खेकसले की रिसेटनंतर त्यात शून्य लिहायचं, विषय संपला. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

१२ जून
शून्य लिहिलं. रिसेट केलं. आता: भिंत.
पुन्हा शून्य. पुन्हा: भिंत.
भीतीपेक्षा संताप जास्त. ऐकलं रे झिप्र्या. ऐकलं.

१३ जून, दुपार
सुट्टी. ऑफिस रिकामं. पोलिसांना फोन केला, म्हणाले, संध्याकाळी येतो. तोवर दम कुणाला? त्या खोलीच्या दाराला खुर्ची अडकवली आणि नव्या फोमला हात घातला.
गोंद. वास. किती खिळे मारलेत मेल्याने —
मागचा पत्रा कापलेला आहे. आत पोकळी.
केस. लांब —
त्याच्या आईला काय सांगू? पळाला म्हणे. पळाला!

खुर्ची सरकली. दार लागलं.
साहेब. आत.
ओरडत नाहीत. हात पुढे करून वही मागताहेत. देणार नाही. पोलिसांनी वाचावं, मोठ्या अक्षरांत लिहिते, या माणसाचं नाव —