गुडघ्याचं बटण

प्रिय खटपट्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझे भावजी गुडघा धरून कुरकुरतात, पण ते तर लग्नाच्या दिवसापासून चालू आहे. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मधेच बोलतोस आणि तू मधे बोललास की माझं अवसान गळतं. मागच्या आठवड्यात तेच झालं. गुरुवारी आमच्या कंपनीबरोबर करारावर सही होणार, हे तू एका दमात सांगितलंस आणि वर म्हणालास की ताई, तूच कुठेतरी शब्द टाकला असशील, नाहीतर तीन वर्षांपूर्वी ज्यांनी दार लावून घेतलं ते आता आपण होऊन कशाला येतील? मी नुसतं बघू, बघू केलं आणि फोन ठेवला. तर ऐक. मी शब्द टाकलेला नाही. तीन वर्षांपूर्वी मी जे केलं ते तुला ठाऊक नाही, आणि सही करण्याआधी ते तुला कळलंच पाहिजे. जेवणाची सुट्टी आहे, केबिनचं दार लावलंय, डबा तसाच पडलाय.

आमच्या नव्या कल्पनांच्या समितीबद्दल तुला थोडंफार माहीत आहे. हॉस्पिटलच्या खाटा बनवणाऱ्या कंपनीला बाहेरच्या लोकांच्या कल्पनांत पैसे घालायची हौस का आली, हे मी थोरल्या साहेबांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, आपल्या कारखान्यात सगळे खाटेकडेच बघतात, खाटेवरच्या माणसाकडे बघणारं कुणीतरी बाहेरून आणायला हवं. बोलणं फार छान होतं. पण पहिल्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या मेहुण्याच्या कल्पनेत पैसे घातले. आपोआप घडी होणारी खाट! पहिल्या प्रात्यक्षिकातच ती विक्रीप्रमुखांसकट घडी झाली. त्यांना बाहेर काढायला दोन माणसं लागली. तेव्हा थोरल्या साहेबांनी कानाला खडा लावला आणि दोन नियम केले. एक, प्रस्तावावरचं नाव पिवळा कागद चिकटवून झाकायचं. दोन, तरीही प्रस्ताव कुणाचा आहे हे ज्याला ओळखू येईल, त्यानं हातातली पेन्सिल टेबलावर ठेवायची आणि खोलीबाहेर जायचं. का म्हणून कुणी विचारायचं नाही. आम्ही पाचजण होतो. थोरले साहेब, कारखान्याचे मुख्य इंजिनिअर, विक्रीप्रमुख, बाहेरून येणाऱ्या डॉक्टरबाई, आणि पैशाच्या बाजूनं मी. आधी मुकाट्यानं वाचायचं, मग अर्धा तास प्रश्न, मग चिठ्ठीवर हो किंवा नाही.

लोकांना वाटतं, मोठ्या खुर्च्यांवरची माणसं आकडे बघून ठरवतात. आकडे असतात रे, मीच तर मांडते. पण मी पाच वर्षं त्या टेबलाशी बसले होते, म्हणून सांगते, ठरतं ते भीतीवर. हो म्हटलेली कल्पना बुडाली तर दहा वर्षं तुमच्या नावानं ओरडतात. नाही म्हटलेली दुसरीकडे तरली तर कुणाला आठवतही नाही. नाही म्हणायला काही किंमत पडत नाही, म्हणून हुशार माणसं नाही म्हणतात आणि त्याला सावधपणा म्हणतात. मीही त्यातलीच.

तुझा प्रस्ताव आला त्या दिवशी तो ढिगातला चौथा होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी हवेची गादी, आळीपाळीनं फुगणारे कप्पे, एका जागी दाब राहू नये म्हणून. पहिलं पान वाचेपर्यंत मला काहीच वाटलं नाही. तशा गाद्या बाजारात होत्याच, तुझी स्वस्त होती आणि दुरुस्तीला सोपी होती, इतकंच. मग मी चित्राचं पान उलटलं. खाटेच्या डाव्या बाजूला, जमिनीपासून हातभर उंचीवर एक बटण काढलेलं होतं आणि बाण काढून लिहिलं होतं, गुडघ्यानं दाबायचं. तुझा हात मी तिथेच ओळखला.

आठवतं ना तुला? आईचं शेवटचं वर्ष. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचं, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. तू शेजाऱ्यांच्या माशांच्या टाकीचा पंप मागून आणलास, सायकलच्या ट्यूब जोडल्यास आणि आईच्या खाली पहिली गादी घातलीस. मासे त्या आठवड्यात बादलीत राहिले आणि शेजारीणकाकू तुझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. आई म्हणायची, ही गादी माझ्यापेक्षा बरा श्वास घेते. पण तिला वळवताना पंप थांबवायला लागायचा, आणि बटण होतं उशाशी. एकदा मी तुझ्यावर खेकसले होते, अरे दीडशहाण्या, माझे दोन्ही हात आईखाली आहेत, बटण काय नाकानं दाबू? गुडघ्यापाशी दे की! दुसऱ्या दिवशी बटण गुडघ्यापाशी होतं. आईच्या पाठीला अखेरपर्यंत एकही जखम झाली नाही.

तर ते बटण माझ्यासमोर कागदावर होतं आणि माझ्या हातात पेन्सिल होती. नियम सरळ होता. ठेवायची आणि उठायचं. मी उठले नाही. आता कारणं सांगते, आणि त्यातलं एकही चांगलं नाही. त्याच महिन्यात अर्थविभागाचं प्रमुखपद कुणाला द्यायचं हे ठरणार होतं. मी बाहेर गेले असते तर चहाच्या वेळेपर्यंत सगळ्या मजल्यावर बोभाटा झाला असता की बाईंच्या घरचा कुणीतरी पैसे मागायला आला. मेहुण्याच्या खाटेवर इतकी वर्षं हसणारे आता माझ्यावर हसले असते. शिवाय तुझा राग आला होता. मला न सांगता अर्ज केलास म्हणून. ताईचा वशिला नको म्हणून तू गप्प राहिला होतास हे मला नंतर कळलं, पण त्या क्षणी वाटलं की ह्यानं मला अंधारात ठेवलं. आणि मनात म्हटलं, बसून राहीन आणि नाही लिहीन, म्हणजे पक्षपाताचा प्रश्नच मिटला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं करणाऱ्यांची मला चीड आहे. मी मात्र त्याच्याही वरताण केलं. आपल्याच बाब्याला कार्टं ठरवलं आणि त्याला न्याय म्हटलं.

पण नुसत्या चिठ्ठीचं असतं तर मी कदाचित इतकं मनाला लावून घेतलं नसतं. खरी गोष्ट प्रश्नांच्या अर्ध्या तासात झाली. विक्रीप्रमुखांनी त्या बटणावर बोट ठेवलं आणि हसले. गुडघ्यानं बटण कोण दाबतं, ह्या बनवणाऱ्यानं आयुष्यात कधी आजारी माणूस पाहिलाय का, असं म्हणाले. इंजिनिअरसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, बाकी काम चोख आहे, पण ज्याला बटण कुठे असावं हे कळत नाही त्याचं बाकीचं तरी कितपत खरं मानायचं? हे इथे का आहे एवढं कुणी मला पटवून दिलं तर मी हो म्हणेन. डॉक्टरबाईंकडे त्यांनी बघितलं. बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की मी खाटेशी उभी राहते, पेशंटला उचलत नाही, मला नाही माहीत. त्या खोलीत उत्तर एकाच माणसाला ठाऊक होतं. ते उत्तरच मुळी माझं होतं. तोंडातून एक वाक्य काढायचं होतं, तेही बहीण म्हणून नाही, आजारी माणसाला वळवणारी बाई म्हणून. मी समोरचा ग्लास उचलला आणि पाणी प्यायले.

दोन हो, तीन नाही. थोरले साहेब आणि डॉक्टरबाई तुझ्या बाजूनं होते. मी बाहेर गेले असते तर दोन-दोन झाले असते, आणि बरोबरी झाली की बनवणाऱ्याला समोर बोलावून विचारायचं असा आमचा रिवाज आहे. तू आला असतास आणि दोन मिनिटांत ते बटण का आहे ते सांगितलं असतंस. म्हणजे मी नियम पाळला असता तरी तुझं काम झालं असतं, आणि तोंड उघडलं असतं तरी झालं असतं. मी दोन्ही केलं नाही. प्रमुखपद मला मिळालं. पेढे खायला तू आला होतास.

पुढचं तुझं तुला माहीत आहे, तरी मी लिहिते, कारण ते मला माहीत आहे हे तुला कळू दे. तुझा भागीदार सोडून गेला. कामाची शेड गेली. तू प्रशिक्षण केंद्रात पोरांना यंत्रांच्या आराखड्यांच्या रेघा मारायला शिकवायला लागलास आणि मागच्या खोलीत एकेक गादी जोडत राहिलास. वहिनीनं तिचं शिवणयंत्र त्या कप्प्यांना दिलं आणि सुया मोडल्या की ती माझ्याकडे तक्रार करायची. मी तिला सुया आणून द्यायचे. एवढीच काय ती माझी मदत! आणि एकदा, माझ्याकडून ऐकलेला तो नियम आठवून, तू मला समजावलंस, ताई, तू वाईट वाटून घेऊ नकोस, तू तर पेन्सिल ठेवून बाहेर गेली असशील, तुला काय कळणार आत काय झालं. मी मान डोलावली. खोटं बोलायलासुद्धा तोंड उघडावं लागलं नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी कामाचा ताण सांगून मी समिती सोडली. लाज वाटत होती, ताण कसला!

आता तुझं काम कुणामुळे झालं ते ऐक, म्हणजे आभार योग्य घरी जातील. डॉक्टरबाईंनी एका छोट्या हॉस्पिटलात तुझी गादी पाहिली. तिथली नर्स पेशंटला वळवत होती आणि तिनं सहज गुडघा पुढे करून बटण दाबलं. बाई म्हणतात, मी तिथेच उभी राहिले आणि मला आमची ती खोली आठवली. त्यांनीच नव्या समितीपुढे विषय परत नेला. ह्या खेपेला तुला समोर बोलावलं. इंजिनिअरसाहेबांनी तोच प्रश्न विचारला आणि तू म्हणालास की माझ्या बहिणीचे दोन्ही हात आईखाली अडकलेले असायचे. बाईंनी हे मला काल जिन्यात सांगितलं, ती बहीण मीच हे त्यांना तुझ्याकडून कळलं होतं, म्हणून मोठ्या कौतुकानं. वर म्हणाल्या, बाई, तुम्ही तेव्हा खोलीत होतात ना हो? मी हो म्हणाले. त्या खाली उतरून गेल्या.

आज सकाळी मी थोरल्या साहेबांना सगळं लिहून दिलं. ते काय ठरवायचं ते ठरवतील, तुझ्या कराराला त्यानं धक्का लागणार नाही हे विचारून घेतलंय. गादी चांगली आहे, लोक तिच्यासाठी तुझ्याकडे आले आहेत, आणि माझ्यावरच्या रागापायी सही अडवशील तर पुन्हा दीडशहाणा म्हणेन. रागाव, भांड, वर्षभर घरी येऊ नकोस, पण सही कर.

तुझी सही तू करशील. माझ्या सहीचं मात्र वेगळं आहे, आणि खरं म्हणजे त्यासाठीच हे सगळं लिहिलं. काल तुझं पाकीट आलं. मला वाटलं नुसती कराराची प्रत असेल. शेवटच्या पानावर, कल्पना कोणाची ह्या रकान्यात, तुझ्या नावाखाली तू माझं नाव घातलं आहेस आणि पुढे पेन्सिलीनं फुली मारून लिहिलं आहेस, ताई, इथे. मी कालपासून ते पान दहा वेळा उघडलं. वाक्य माझं होतं हे खरं आहे. पण ज्या दिवशी ते बोलायची वेळ आली त्या दिवशी मी ते गिळलं, आणि तू तीन वर्षं ते उराशी धरून बसलास. कागद ह्या पत्रासोबत परत पाठवतेय. सही केलेली नाही. तुझी फुली मात्र मी खोडलेली नाही. हे वाचून झाल्यावर ती खोडायची की तशीच ठेवून कागद पुन्हा माझ्याकडे पाठवायचा, ते तू ठरव.

अजून म्हणवत असेल तर, तुझीच
ताई