रॉनीच्या भाषणातलं टाळ्यांचं वाक्य

बर्नली,
२९ मार्च २००३

प्रिय इसिल्डा,

सत्तावीस वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी केराच्या टोपलीकडे बघशील. टाक, पण वाचून टाक. बर्मिंगहॅमचा तुझा पत्ता चर्चमधून मिळवला. मी ठीक आहे. गुडघे गेले आणि चार वर्षांपूर्वी माझा नवरा, हॅरॉल्डही गेला. आपली गिरणी पाडून तिथे गालिच्यांचं दुकान झालंय.

आता मुद्द्याचं. रॉनी हारग्रीव्ह्ज नगरपालिकेला उभा राहतोय. हो, तोच, आपल्या युनियनचा सेक्रेटरी. पत्रकावर छापलंय, ‘रंग कोणताही असो, कामगार माझा भाऊ.’ वाचताना मला चहाचा ठसका लागला.

मंगळवारी उमेदवारीचा अर्ज घेऊन तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. अर्जावर वॉर्डातल्या दहा मतदारांच्या सह्या लागतात, आणि त्यातली पहिली, सूचकाची, त्याला माझी हवी होती. का, ते न कळण्याइतकी मी खुळी नाही. गल्लीतली निम्मी घरं आता पाकिस्तानी आहेत. शेजारची नसरीन परवाच भिंतीवरून म्हणाली, “डोरीन आंटी, आम्ही त्याला कुठे ओळखतो? पण वर तुमचं नाव असेल, तर आमच्या घरची पाचही मतं त्याला.”

मी विचारलं, “रॉनी, शहात्तरचं कॅन्टीनमधलं भाषण आठवतंय?”

“अगं, तेव्हा सगळेच तसं बोलायचे. आणि मी मालकांविरुद्ध बोलत होतो.”

“मालकांविरुद्ध दहा मिनिटं आणि इसिल्डासारख्या बाहेरून आलेल्यांविरुद्ध वीस! ‘आधी आपली माणसं, मग परकी,’ म्हणालास. पुढच्याच महिन्यात कपातीची यादी लागली, तेव्हा वरची अकराही नावं त्याच ‘परक्यां’ची नव्हती का रे?”

तो चहात बिस्किट बुडवत राहिला.

“लोकांसमोर म्हण, बोललो आणि चुकलो. लगेच सही करते.”

“डोकं फिरलंय का तुझं? मतं जातील माझी!”

“मग माझी सहीही विसर.”

त्यावर त्याने कप खाली ठेवला. “त्या भाषणातलं टाळ्यांचं वाक्य कुणाचं होतं, तेही सांगू का लोकांना?”

इसिल्डा, इथवर लिहून पत्र दोन दिवस तसंच पडलं होतं.

शनिवारी युनियनच्या कचेरीत टायपिंग मीच करायचे, हे तुला माहीत होतं. ते भाषणही मीच टाइप केलं. मध्येच रॉनी म्हणाला, “बायकांसाठी एखादं वाक्य सुचव ना.” त्याच आठवड्यात आपल्या खात्याची मुकादम म्हणून तुला नेमलं होतं, मला नाही. मी नुसती जळत होते. वाक्य सुचायला मिनिटसुद्धा लागलं नाही.

कॅन्टीनमध्ये तू माझ्या शेजारीच होतीस. टाळ्या पडल्या तेव्हा तू माझा हात घट्ट धरलास, धीर वाटावा म्हणून. मी हात सोडवला नाही आणि बोललेही नाही. नंतर तुझं पत्र आलं, त्याला उत्तरही दिलं नाही. मला लाज वाटते, अजून वाटते.

पण घाबरत नाही. रॉनीला म्हटलं, “खुशाल सांग. तुझ्याआधी मीच सांगते.” येत्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये उमेदवारांना प्रश्न विचारायची सभा आहे. भाषणाची कार्बन प्रत माझ्याकडे आहे. मी उभी राहून ती अख्खी वाचणार, माझ्या वाक्यासकट. मध्येच बसवायला आले तर आवाज चढवून वाचीन. नसरीन तिथे असेल. त्यानंतर मला आंटी म्हणायचं की नाही, ते तिने ठरवावं. माझ्या नावाकडे बघून तिने डोळे झाकून मत द्यावं, हे मात्र मी होऊ देणार नाही.

गावाला कळायच्या आधी तुला कळायला हवं होतं. माफी मागते, ती देणं तुझ्यावर बंधनकारक नाही. आणि आडपडद्याने मागायची नाही मला, म्हणून ते वाक्य इथे जसंच्या तसं लिहिते.

‘काळ्या बाईच्या हाताखाली राबायला आपल्या आयांनी आपल्याला वाढवलं नाही.’

हे माझं आहे.

डोरीन अॅशवर्थ