दुखण्याचा आकडा

१८ नोव्हें.
विलासला घेऊन पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून परत. जखम भरून दीड वर्ष झालं. पण मांडीत शिरलेल्या तोफगोळ्याच्या तुकड्यांनी नस दुखावली, ती आतून जळते. डॉक्टरांनी वही दिली. दहापैकी किती दुखतं ते रोज त्याला विचारून लिहायचं. काम माझ्याकडे, थोरला भाऊ म्हणून.
आज सात.
गावदेवीपुढे बोललो: सलग आठ दिवस आकडा तीनच्या खाली आला की नारळ देईन. तोवर चहा बंद.

२३ नोव्हें.
सहा. खळ्यावर झोडणी. भिसेगावचा मामा विलासला म्हणाला, "फौजी, पाय तर धडधाकट दिसतोय! उचल की रं भारा." विलासने हसून उचलला. घरी आल्यावर दाराची चौकट धरून उभा. उंबरा ओलांडायला पाऊल उचलेना.
चहावाचून माझं डोकं ठणकतंय. हिचा टोमणा, "देवीनं मागितला व्हता का तुमचा चहा?"

१ डिसें.
"चार-पाच," म्हणाला. चार लिहिले.

५ डिसें.
"तूच लिही, दादा. तुला दिसतंय की."
दिसत होतं. दोन लिहिले.

१३ डिसें.
नवस फेडला. हिने आलं घालून चहा केला, दोन कप प्यायलो. वहीत आठ दिवस दोन, दोन, एक, दोन... पहिल्या दिवसानंतर त्याला विचारलं एकदाही नाही. नारळ ठेवताना मान वर केली नाही.

१६ डिसें.
पुणे. डॉक्टर वही बघून खूश. "बहुत बढ़िया, जवान!" गोळी निम्मी केली. विलास काहीतरी बोलणार होता. "यस सर" म्हणाला. मी पिशवी आवरत राहिलो.

२१ डिसें.
विलासचं तीन दिवस जेवण नीट नाही. दुपारी उशीचा कोपरा दातांत धरून पडला होता. मला बघून सोडला.
"डॉक्टरला वाटत असंल, मी नाटक करतोय, म्हणून गोळी कमी केली. तोंडावर बोलले नाय, एवढंच."
पूजा केली, पण हात जोडायचे राहिले.

२३ डिसें.
ओटीवर बसून त्याला सगळं सांगितलं. चहासकट.
त्याने वही ओढून पानं चाळली. मग, "चहासाठी, दादा?" हसायला गेला आणि मांडी दाबून धरली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.
दवाखान्यात फोन केला. उद्या बोलावलंय.
म्हटलं, "मी खरं काय ते सांगतो त्यांना."
"नको. वहीच खोटी निघाली तर माजं कोण ऐकंल?"
"मग आज किती? खरं सांग."
"आठ हाय. पण दोनावरून एकदम आठ दिसलं तर नाटकच वाटंल. पाच लिही."
तो आत गेला. वही पुढ्यात उघडी आहे. अजून आकडा घातलेला नाही.