एसीले बांधलेली वाळ्याची ताटी

बा, तुले वाचता येत नव्हतं आणि मले लिहिता येते ते तिसरीपर्यंतचं, तरी आज कागद घेऊन बसली. दुपारचे दोन वाजले आहेत. बाहेर अकोल्याचं ऊन असं, की जठारपेठेच्या रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, अन् मी या खोलीत पायावर चादर घेऊन बसली आहे. मे महिन्यात चादर. तू असता तर विचारलं असतं, पोरीले ताप भरला काय. बाजूले तुही खापरपणती झोपली आहे, म्हणजे माह्या पोराच्या पोरीची पोरगी. नाक तुह्यासारखं बसकं आहे, पण तिच्या मायजवळ तसं म्हणायची सोय नाही, ती रुसते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नात पुण्याहून इकडं आली, अन् पोरानं आपल्या बियाण्याच्या दुकानातला जुना एसी काढून तिच्यासाठी या खोलीत बसवला.

आता एसी म्हणजे काय ते तुले कसं सांगू. भिंतीवर एक पांढरा लांबट डब्बा, अन् गच्चीवर दुसरा मोठा डब्बा, त्याच्या तोंडाशी पंखा. सकाळी एसी बंद असताना मी पापड वाळू घालायले गच्चीवर गेली तेव्हा तो पाहिला. मले वाटलं, हा कूलरच. कूलर अकोल्यात कोणाले कळत नाही? बाहेरची हवा ओढायची, ओल्या वाळ्यातून गाळायची अन् घरात सोडायची. तू ताट्या बांधायचा, त्याचंच ते मशीन. पण या डब्ब्याच्या तोंडावर तर वाळाच नव्हता. म्हटलं, बसवणारा घाईत विसरला असंल.

अन् माह्यं मन बडनेऱ्याले गेलं. होळी झाली की आपल्या मळ्यातली विहीर आटायची, भाजी वांग्यापुरती उरायची, मग तू रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यांवर वाळ्याच्या ताट्या बांधायले जायचा. मी बादली धरायले. तू दार वितीनं मोजतो, बांबूच्या कामट्या चिरतो, चौकट बांधतो, तिच्यात वाळा पसरतो, वरून दुसऱ्या कामट्या दाबून सुतळीनं शिवतो. मी पाणी मारतो अन् वऱ्हांडाभर वास सुटते. एकदा तू पाणी प्यायले गेला, अन् तुले मदत म्हणून मी उरलेला सगळा वाळा एकाच ताटीत कोंबला. जितका वाळा तितकं गार, असं मले वाटलं. तू आला, ताटीवर हात ठेवला अन् साहेबाच्या खानसाम्यासमोर सगळी उसवली. "वाळा गार करत नाई वं, वारा करते. वाऱ्याले जागा ठेव." एवढंच बोलला तू. पण खानसामा हसला, म्हणून मी दोन दिवस तुह्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तू स्टेशनावरून माह्यासाठी गमच्यात बर्फाचा तुकडा बांधून आणला. मळ्यात येईस्तोवर नुसता ओला गमचा राहिला होता. तू तोच माह्या डोक्याले गुंडाळला, अन् मी बोलायले लागली. मले बर्फ काही पाहायले भेटला नाही, पण तो गारवा अजून आठवते.

तर मी काय केलं, जुन्या शहरातून वाळा आणवला. पोराले सांगतलं, माठात टाकायले पाहिजे. दोन दिवस गुडघे मोडून ताटी बांधली. तुह्याइतकी सरळ नाही झाली, पण भरगच्च झाली. पहाटे नात एसी बंद करते, तेव्हा वर जाऊन डब्ब्याच्या तोंडाले सुतळीनं घट्ट बांधली अन् बादलीभर पाणी मारलं. रोज पहाटे मारायची. कोणाले सांगतलं नाही. म्हटलं, खोलीत वास सुटंल तेव्हा सगळे विचारतील अन् मग मी ऐटीत सांगीन. पण वास काही येईना. मी एसीखाली उभी राहून नाक वर करून पाहायची. नात म्हणे, "आजी, काय हुंगून राहिली वं?" मी म्हटलं, बाळाचा वास घेऊन राहिली.

तिसऱ्या दिवशी एसी गरम हवा फेकायले लागला. मेकॅनिक आला. घामाघूम झालेला माणूस, दिवसभर लोकांच्या घरी एसी सुधारत फिरते. स्टुलावर चढला, हात समोर धरला, झाकण उघडून पाहिलं अन् म्हणाला, गॅस संपला, आतली कॉइलही गेली, सगळे मिळून चौदा हजार लागतील. गॅस संपला ऐकून मी म्हटलं, घरात भरलेलं सिलिंडर आहे, ते लावा. तर सगळे हसले. तो गॅस वेगळा असते म्हणे. पोराचा चेहरा उतरला, पण बाळाच्या मानेवर घामोळं आलं होतं, म्हणून हो म्हणाला. सामान घेऊन उद्या संध्याकाळी येतो, असं सांगून तो माणूस गेला.

तेवढ्यात पुण्याहून नातजावयाचा फोन आला. माणूस चांगला आहे, आवाज चढवत नाही. "आजी, रागावू नका, पण इतक्या उन्हात बाळाला तिथं ठेवायला नको. परवा मी गाडी घेऊन येतो. बारसं इकडेच करू." मी म्हटलं, बरं बापू. अन् आत जाऊन डिंकाचे लाडू वळत बसली. एक लाडू गोल झाला नाही. बारशासाठी मी पाळण्याच्या दोऱ्या धुऊन ठेवल्या होत्या, माह्या जुन्या मऊ लुगड्याची झबली शिवली होती. नात तीच झबली घडी करून बॅगेत ठेवून राहिली होती, अन् माह्याकडं पाहत नव्हती. माह्या वयाले पणतीचं बारसं आपल्या घरी होणं म्हणजे काय, ते मी कोणाले सांगू?

दुसऱ्या दिवशी दुपारी मले राहवेना. म्हटलं, ताटी सुकली असंल म्हणून गरम येत असंल. बादली घेऊन गच्चीवर चढली. एसी चालू असताना मी पहिल्यांदाच तिथं गेली. पाहतो तर डब्बा थरथरून राहिला, अन् त्याच्या तोंडातून भट्टीसारखा वारा बाहेर येऊन राहिला. आत नाही, बाहेर. ताटी पोट फुगवून सुतळी ताणत होती. तो मेला हवा ओढतच नव्हता, बा, घरातली गर्मी बाहेर टाकत होता, अन् मी त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता. साठ वर्षं झाली असतील तुही ती गोष्ट सांगून, अन् पोरगी होती तिथंच. मी त्या उन्हात एकटीच हसली. मग भाजीचा विळा आणला अन् सुतळ्या कापल्या.

खाली येऊन लसूण सोलत बसली. अर्ध्या तासानं आतून नात म्हणाली, "आजी, गार येऊन राहिलं वं." मी म्हटलं, असं काय. तिनं पुण्याले फोन लावला अन् बोलता बोलताच बॅगेतून झबली काढायले लागली. बारसं इथंच ठरलं.

संध्याकाळी तो मेकॅनिक सामान घेऊन आला. मीटर लावलं तर गॅस पुरा. पोरगा म्हणे, "काल तर संपला होता ना?" तो डोकं खाजवत म्हणाला, कधी कधी लाइनीत हवा अडकते अन् आपोआप निघते. मी विचारलं, "वर गच्चीवर पाहिलं होतं काय बापू काल?" तो म्हणाला, "ऊन लय होतं आजी, नाई गेलो." ताटी पाण्याच्या टाकीमागं लपवली होती, त्यानं तेव्हाही वर जायचं नाव काढलं नाही. मी त्याले मठ्ठा दिला, अन् त्याच्या फेरीचे पाचशे रुपये माह्या बटव्यातून दिले. पोरगा पाहतच राहिला.

बारसं झकास झालं. नातजावई आला, याच खोलीत घोरून झोपला, वरून म्हणाला, अकोला काही इतकं गरम नाही. पोरगी अजून महिनाभर इथंच आहे.

फक्त एक गोष्ट. पोरगा येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगते, तो मेकॅनिक चोर, चौदा हजाराले बुडवत होता. लोक माना डोलवतात अन् मीही डोलवतो. तो गच्चीवर गेला नाही ही त्याची चूक, पण त्याचं काम बिघडवलं मी. बारसं झालं की सगळ्याले खरं सांगीन, असं मनाशी ठरवलं होतं. हा कागद तर पाठवायचा नाहीच, घरातही कुठं ठेवावा कळत नाही, सगळ्यालेच वाचता येते. बारसं होऊन आठ दिवस झाले, बा.