साफ्ताचा विलाप

९ मार्च १९१५, मारामुरेश

या खेड्यात गाणी गोळा करतोय, पण आजही ही गाणारी साफ्ता बधली नाही! लग्नाची गाणी म्हणते, नाचाची म्हणते, फोनोग्राफच्या कर्ण्यात तोंड घालून खुदुखुदु हसते. पण आईनं मेलेल्या लेकरासाठी म्हणायचा विलाप मागितला की मान हलवते. म्हणे, "कुणी मेलेलं नसताना कशी म्हणू, साहेब? आणि एका माणसासाठी तो एकदाच म्हणायचा असतो."

डोक्यात जाते ही बाई. माझ्या पियानोच्या रचनेचा मधला भाग अजून कोरा आहे. बुडापेस्टची मैफल तोंडावर आली!

११ मार्च

तिचा एकुलता एक मुलगा तोमा गॅलिशियाच्या आघाडीवर लढतोय. बरेच दिवस पत्र नाही — सुचलं.

१२ मार्च

सांगून टाकलं. तालुक्याच्या कचेरीत ऐकलं म्हणालो, तोमा गेला.

तिनं चूल विझवली, केस सोडले आणि सुरू झाली. कर्णा पुढे सरकवला तो तिला दिसलासुद्धा नाही. काय सूर! मध्येच तुटतो, पुन्हा तिथूनच उचलते. आवाज ज्यावर कोरला जातो ते मेणाचं नळकांडं भरलं, दुसरं चढवायचं होतं, म्हणून जरा थांब म्हणालो. थांबेल तर शपथ!

२० मे, बुडापेस्ट

जिंकलो! डाव्या हातात साफ्ताचा सूर आला आणि बायकांनी रुमाल काढले. एक म्हातारे समीक्षक म्हणाले, "मातीचा वास आला हो." मातीला वास येणारच.

३ ऑगस्ट, मारामुरेश

गाणी गोळा करायला परत आलो, तर तोमा सुट्टीवर आलेला — जिवंत, धडधाकट! आईनं दार उघडलं नाही. आतून म्हणाली, "माझ्या पोराला मी रडून पोचवलंय. त्याचं रूप घेऊन आलायस, तू कोण?" दिवसभर अंगणात बसला बिचारा, मग आघाडीवर परत गेला.

मी खरं सांगितलं असतं तर गावानं मला पुन्हा एक गाणं दिलं नसतं. गप्प बसलो.

२९ ऑगस्ट

तोमा जखमी होऊन शहरातल्या इस्पितळात मेला. गाडीतून गावी आणला. साफ्तानं तोंडावरची चादर काढून बघितलं आणि सरळ माझ्याकडे आली.

"तोच होता, साहेब. त्याचा विलाप तर मी म्हणून बसले. तुमच्या यंत्रात आहे ना? उद्या पुरताना तेवढा वाजवा."

मेण मिळत नाही म्हणून ती नळकांडी मी केव्हाच तासून कोरी केली. आता त्यांवर नाचाची गाणी आहेत.

तिला हो म्हणालो.