कारोनीचा मोर्चा आणि आमचा नाला

नाल्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या तरुणांनो, नळाला पाणी अलीकडे चार दिवसांनी येते, पलीकडेही चार दिवसांनीच. तरी तुम्ही मोर्चे वेगवेगळे नेता. महापालिकेचे साहेब अलीकडच्यांना सांगतात, पाणी पलीकडचे ओढतात. पलीकडच्यांना सांगतात, अलीकडचे. दोघांनाही ते पटते. म्हणून हे मृत्युपत्र तुम्हाला उद्देशून.

मी, शिवम्मा रेवणसिद्ध बिराजदार, वय ७६, निवृत्त शिक्षिका, राहणार सोलापूर, हे माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. भाचा अमृत याला शंका असल्यास त्याने आधी स्वतःचे तपासून घ्यावे.

१. मंद्रूपची जमीन धाकटी बहीण केराबाई हिला. आजवर तिनेच कसली.

२. माझा माईक व कर्णा शाळेला. अमृतच्या, म्हणजे आमच्या अलीकडच्या, तरुण मंडळाला देऊ नये. कारण सांगते.

मंडळाच्या वर्धापनदिनी मी दरवर्षी वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटाबद्दल बोलत आले. साल १९७०. देश स्वतंत्र झालेला, पण बँका आणि उसाचे मळे परक्यांच्या हातात. काळी तरुण मुले रस्त्यावर उतरली. मार्चमध्ये ती राजधानीतून कारोनीच्या उसाच्या पट्ट्यात चालत गेली, हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांच्या नातवंडांना भेटायला. तिकडे मार खाल, अशी भीती लोकांनी घातली होती. वाटेत त्याच मजुरांच्या घरांतून त्यांना पाणी मिळाले. पुढे सरकारने आणीबाणी लावून पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले. पण ती पोरे तिथवर चालत गेली होती.

यावर आमच्या मंडळाने काय केले? ‘त्रिनिदादच्या वीरांना अभिवादन’ असा फ्लेक्स लावला. मधोमध गॉगल घातलेला अमृत, खाली ओळीने कार्यकारिणी. वीर एकही नाही. मग मिरवणूक निघाली आणि नेहमीप्रमाणे नाल्याच्या पुलावरून मागे वळली.

पलीकडची नरसम्मा टॉवेलच्या कारखान्यात काम करते. पुलावर उभी राहून ती मला म्हणाली, “अक्का, भाषण लई भारी देता. पण तुमचा त्रिनिदाद पुलापाशीच संपतो की.”

मी अमृतला जाब विचारला. तो म्हणाला, “मावशी, आमी तिकडं गेलो तर कमीपणा घेतला म्हणतील.”

घरात घागर रिकामी, आणि याला कमीपणाची चिंता.

३. राहते घर, पुस्तके आणि अंगणातले बोअर दोन्हीकडच्या मंडळांना सामाईक. अट एकच: माझ्या मरणानंतर महिन्याच्या आत दोघांनी मिळून पाण्यासाठी एकच मोर्चा काढावा, दोन्ही वस्त्यांतून फिरवून न्यावा. हे न घडल्यास घर आणि बोअर एकट्या पलीकडच्या मंडळाला. मग अलीकडच्यांना पूल ओलांडून पाणी मागायला जावेच लागेल. तेव्हा कमीपणा कुठे ठेवायचा ते अमृतने ठरवावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील अपेक्षा हिने करावी. ती माझी विद्यार्थिनी. कुणाच्या दमदाटीला भीत नाही.

४. माझ्या मरणाची वाट पाहू नका. येत्या रविवारी पूल ओलांडा, नरसम्माच्या ओट्यावर बसा आणि तांब्याभर पाणी मागून प्या.

सही: शिवम्मा रे. बिराजदार
साक्षीदार: १. डॉ. सुकन्या पाटील
२. नरसम्मा (पलीकडून चालत येऊन सही केली)
सोलापूर, १२ मार्च २०२५